काळ्या कुत्र्याची सोबत

शेजारच्या वृद्ध बाईंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाल्यापासून त्यांच्या लॅब्रॅडॉरला संध्याकाळी फिरवून आणण्याचे काम माझ्याकडे आले आहे. इंग्लंडच्या पूर्वेकडच्या नॉरफोकमध्ये नोव्हेंबरातली संध्याकाळ म्हणजे चार वाजताच पडलेली रात्र. आमच्या गावाबाहेरच्या रस्त्यावर दिवे नाहीत, दोन्ही बाजूंना पुरुषभर उंचीच्या झुडपांची कुंपणे आहेत आणि कुत्रा नखशिखांत काळा आहे. घरापासून शंभर पावले गेलो की माझ्या हातात फक्त पट्टा उरतो. त्याच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे ते ओढीवरून आणि श्वासाच्या आवाजावरून ओळखायचे. परवा त्याने मध्येच थांबून मागे वळून पाहिले, तर टॉर्चच्या उजेडात तोंड दिसलेच नाही. रस्त्यापासून हातभर उंचीवर हिरवट रंगाचे दोन गोळे तेवढे अधांतरी पेटले. कुत्र्याच्या डोळ्यात पडद्यामागे प्रकाश परतवणारा एक थर असतो आणि तो आपल्या डोळ्यांत नसतो, हे मला ठाऊक होते. पण पाठीतून शिरशिरी गेली ती गेलीच.

घरी परतल्यावर बाईंना हे सांगितले, तेव्हा त्या हसून म्हणाल्या, “म्हणजे तुम्हाला शक भेटला!”

शक म्हटले की आपल्याला शालिवाहन आठवतो, नाहीतर संशय. इथला शक निराळा. नॉरफोक आणि सफोक या दोन परगण्यांत रात्री-अपरात्री रस्त्याने फिरणाऱ्या भुताळी काळ्या कुत्र्याचे हे नाव आहे. जुन्या इंग्रजीत सैतानाला ‘स्कुका’ म्हणत, त्यावरून ते आले असे काही अभ्यासक मानतात. इकडच्या बोलीत झिपऱ्या केसांच्या प्राण्याला तसाच एक शब्द होता, त्यावरून आले असे दुसरे म्हणतात. वासराएवढा देह, बशीएवढे डोळे आणि पावलांचा आवाज नाही, हे वर्णन सगळीकडे सारखेच. काही ठिकाणी तर कपाळाच्या मधोमध एकच डोळा असतो. त्याची सर्वांत गाजलेली हकिगत मात्र रस्त्यावरची नाही, चर्चमधली आहे.

४ ऑगस्ट १५७७, रविवार. सफोकमधल्या बंगे गावात सकाळची प्रार्थना चालू असताना भयंकर वादळ झाले. एब्राहम फ्लेमिंग नावाच्या लेखकाने त्यावर एक चोपडी लंडनमध्ये छापून काढली. तिच्यात तो सांगतो की, विजांच्या लखलखाटात एक काळा कुत्रा, किंवा कुत्र्याच्या रूपातला सैतान, लोकांमधून धावत गेला. गुडघे टेकून बसलेल्या दोघांच्या मधून तो गेला आणि ते दोघे बसल्या जागी मेले. तिसऱ्याच्या पाठीला त्याचा असा काही तडाखा बसला की, नाडीने बटव्याचे तोंड आवळावे तसा तो माणूस आक्रसून गेला. त्याच दिवशी अठरा-वीस किलोमीटरवरच्या ब्लाइदबर्गच्या चर्चमध्ये कुत्रा तुळईवरून खाली उतरला आणि तिथे दोन पुरुष आणि एक पोरगा मारून निघून गेला. बटव्याची उपमा मला फार आवडते. अशा उपमा सुचणारा माणूस हाती आलेल्या बातमीला जसेच्या तसे सोडील, हे शक्यच नाही.

कारण बंगेच्या चर्चच्या नोंदींत वादळ आहे, घंटाघरात मेलेली दोन माणसे आहेत, पण कुत्रा नाही. मनोऱ्यावर वीज पडली, घंटेपाशी उभी असलेली माणसे गेली, एवढे त्यातून उघड दिसते. ‘शक’ हे नावही फ्लेमिंगच्या चोपडीत कुठे नाही. ते छापील कागदावर आले १८५० च्या सुमारास, म्हणजे पावणेतीनशे वर्षांनी, आणि मग मागे जाऊन त्या कुत्र्याच्या गळ्यात अडकवले गेले. बंगेच्या लोकांनी मात्र कुत्र्याला कायमचे ठेवून घेतले आहे. गावाच्या चिन्हावर तो आहे, बाजारपेठेतल्या वातकुक्कुटाच्या जागीही तोच आहे, आणि गंमत अशी की दोन्हीकडे तो विजेच्या लोळावर धावताना दाखवला आहे. चित्र काढणाऱ्याने कुत्र्याच्या पायांखाली खरे कारणही जाता जाता काढून ठेवले!

ब्लाइदबर्गला मी मुद्दाम गेलो होतो. हमरस्त्याच्या कडेला, ब्लाइद नदीच्या पाणथळीच्या काठावर ते चर्च इतके मोठे उभे आहे की त्याला दलदलीतले कॅथीड्रल म्हणतात. उत्तरेकडच्या दाराच्या आतल्या बाजूला फळीवर काळे, लांबट डाग आहेत. त्यांना ‘सैतानाची बोटे’ म्हणतात. मी त्यावर बोट ठेवून पाहिले. डाग लाकडात अंगठ्याच्या पेराइतके रुतलेले आहेत, वर रुंद आणि खाली निमुळते की खाली रुंद आणि वर निमुळते, हे ठरवण्यासाठी मी दोनदा मान वाकडी केली, आणि शेवटी मनात आले ते पंजाचे चित्र नव्हे, तर देव्हाऱ्याच्या फळीला निरांजन फार जवळ ठेवले की उठतो त्या डागाचे. जुन्या इंग्रजी घरांच्या दारांवर आणि तुळयांवर मेणबत्तीच्या ज्योतीने पडलेले असे डाग पुष्कळ सापडतात. अभ्यासकांचे मत त्याच बाजूने आहे. याच चर्चच्या छतावरच्या लाकडी देवदूतांच्या अंगात शिशाचे छर्रे सापडले, तेव्हा ते सतराव्या शतकातल्या मूर्तिभंजक सैनिकांच्या माथी मारण्यात आले. पुढे कळले की अठराव्या शतकात आत शिरलेले कावळ्याच्या जातीचे पक्षी टिपताना ते उडाले होते. या वास्तूत कुठल्याही भोकाला आणि डागाला मोठा गुन्हेगारच लागतो.

मला खरे आकर्षण आहे ते दुसऱ्या कुत्र्याचे, जो चोपडीत नाही आणि रस्त्यावर आहे. लिंकनशायरमध्ये एथेल रडकिन नावाच्या बाईंनी गावोगावच्या लोकांकडून काळ्या कुत्र्याच्या हकिगती गोळा करून १९३८ मध्ये छापल्या, आणि त्यांनी स्वतःही तो पाहिल्याचे सांगितले. त्यांच्या परगण्यातला कुत्रा कुणालाही काही करत नाही. तो कुंपणातून बाहेर येतो, येताना पाने सळसळतात, माणसाच्या बरोबरीने चालू लागतो आणि ठरलेल्या जागी, म्हणजे एखाद्या पुलापाशी, फाटकापाशी किंवा गावाच्या हद्दीवर, दिसेनासा होतो. त्याला काठी मारायला जावे तर काठी आरपार जाते. बस्स, एवढेच. यातला एक प्रसंग असा की, एक बाई रात्री एकटी घरी निघालेली असताना मोठा काळा कुत्रा तिच्याबरोबर चालू लागला. वाटेत काही पुरुष उभे होते, आणि हा कुत्रा बरोबर नसता तर हिचे आपण काय केले असते, हे त्यांचे बोलणे तिच्या कानावर पडले. घरी पोचल्यावर कुत्रा दाखवायला तिने नवऱ्याला बाहेर बोलावले, तर कुत्रा नव्हता. हीच गोष्ट ठिकठिकाणी, माणसे आणि वाटा बदलून, सांगितली जाते.

हद्दीवर दिसेनासा होणे याचा अर्थ लावताना इंग्रज अभ्यासक सीमारेषा, परलोक वगैरे बरेच काही लिहितात. मला त्यात एक साधी रीत दिसते. रात्री निघालेल्या पाहुण्याला आपण वेशीपर्यंत पोचवायला जातो आणि तिथून मागे फिरतो. या कुत्र्याने दुसरे काय केले? देव्हाऱ्यातल्या दत्ताच्या पायाशी चार कुत्री पाहत लहानाचा मोठा झालेल्या माणसाला कुत्रा हा मुळात सैतान वाटणे अवघड जाते, हेही कबूल करतो.

इंग्लंड आणि आयर्लंड यांच्यामधल्या आइल ऑफ मॅन बेटावरच्या पील किल्ल्यातली गोष्ट सगळ्यांत घरगुती आहे. ‘मॉदा दू’ म्हणजे तिथल्या मँक्स भाषेत ‘काळा कुत्रा’. जॉर्ज वॉल्ड्रनच्या १७३१ मध्ये छापलेल्या वर्णनात तो चक्क स्पॅनियलसारखा, कुरळ्या झिपऱ्यांचा आहे. दिवे लागले की तो पहारेकऱ्यांच्या खोलीत येऊन शेकोटीसमोर पडे आणि उजाडले की निघून जाई. शिपायांना त्याची सवय झाली, पण त्याच्यासमोर शिव्या द्यायला कुणी धजत नसे. किल्ल्याच्या किल्ल्या कप्तानाकडे नेताना ज्या वाटेने जावे लागे त्याच वाटेने कुत्रा येत-जात असल्यामुळे ते जोडीने जाऊ लागले. एका रात्री दारूच्या नशेत एकाने पैज मारली, की मी एकटा जातो, कुत्रा आहे की सैतान आहे ते बघून येतो. थोड्या वेळाने मोठा आवाज झाला. माणूस परत आला तो वाचा गेलेला, आणि तिसऱ्या दिवशी मेला. ती वाट चिणून टाकली आणि कुत्रा पुन्हा कुणाला दिसला नाही. मला राहून राहून वाटते, ते शेकोटीपुढचे आडवे पडणे खरे. कुठल्याही थंड किल्ल्यात कुठलाही कुत्रा तेच करील. बाकीचे त्या रात्रीच्या दारूचे.

यॉर्कशायरमधला बारगेस्ट मरणाची वर्दी देतो, स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातला कू-शी गडद हिरवा असतो आणि तीनदाच भुंकतो. आयर्लंडमध्ये १९३७ ते १९३९ या काळात सुमारे ५,००० प्राथमिक शाळांतल्या मुलांना घरच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलेल्या गोष्टी वहीत उतरवायला सांगितले होते. त्या वह्यांतून काळा कुत्रा पुन्हा पुन्हा येतो, कधी पुलावर बसलेला, कधी पुरलेल्या सोन्यावर पहारा देणारा. राखण करणारा कुत्रा इंग्लंडमध्येही आहे, आणि त्याची कथा वाचून मला वाईट वाटले. नव्या दफनभूमीत ज्याला पहिल्यांदा पुरतील त्याच्या आत्म्याला तिची राखण करत तिथेच राहावे लागते, अशी समजूत होती. ही वेळ माणसावर येऊ नये म्हणून आधी काळा कुत्रा पुरीत. त्याला ‘चर्च ग्रिम’ म्हणतात. पुढे तो रात्री दिसू लागला की त्यालाच लोक भीत. पहाऱ्याला बसवायचे आणि पहाऱ्यावर दिसला की किंचाळायचे, असा हा न्याय.

छापील कागदावर मात्र चावणारा कुत्राच चालतो. फ्लेमिंगचा चालला, आणि डार्टमूरच्या ओसाड माळावरचा जो कुत्रा कॉनन डॉयलने १९०१ मध्ये मासिकातून वाचकांवर सोडला, तो तर जगभर गेला. नुसता बरोबर चालून हद्दीवरून परतणारा कुत्रा कोण छापणार?

गेल्या गुरुवारी आम्ही परतत होतो तेव्हा बसथांब्याकडून मोबाइलचा उजेड हलत येताना दिसला. मागे कुणाची तरी चाहूल आहे हे कळल्यावर त्या उजेडाची चाल वाढली. मी मुद्दाम सावकाश चालू लागलो, पण अंधारात मागून येणाऱ्या पुरुषाने सावकाश चालणे हे काही फारसे धीर देणारे नसते. तेवढ्यात लॅब्रॅडॉरने नेहमीप्रमाणे सगळे अंग झटकले आणि गळ्यातला बिल्ला खणखणला. उजेड थांबला, वळला, खाली झुकला. दोन हिरवे गोळे पेटले. “अरे, कुत्रा आहे होय!” शाळेच्या गणवेशातली पंधरा-सोळा वर्षांची मुलगी होती. काही न विचारता ती आमच्याबरोबर चालू लागली, कुत्र्याच्या बाजूने. गावातला पहिला दिवा आला, तिथे तिने त्याच्या डोक्यावर हात फिरवला, त्याला “गुड नाइट” म्हटले आणि डावीकडच्या गल्लीत गेली. माझ्याकडे तिने पाहिलेही नाही.