उभ्या उभ्या

परवा दुपारी जेलरोडला आईकडे डबा पोचवला आणि परतीची सिटीलिंक पकडली. दोन-सव्वादोनची वेळ. ड्रायव्हर सोडून सगळे पेंगत होते. बिटको चौकात एक मावशी चढल्या आणि माझ्या पुढच्या सीटवर बसल्या. मांडीवर पिशवी, पिशवीवर पर्स, पर्सला टेकवून मोबाइल, अशी आधी नीट मांडामांड केली आणि मग मालिका लावली. हेडफोनची भानगड नाही. अख्ख्या बससाठी.

आवाज ओळखीचा निघाला. मुक्ता बर्वे, आणि तिला चढ्या आवाजात उत्तर देणारा स्वप्नील जोशी. 'एका लग्नाची दुसरी गोष्ट'! माझी झोप उडाली. पुढे वाकून मावशींच्या खांद्यावरून बघायला लागले, तर पलीकडचा कॉलेजातला मुलगाही तेच करत होता. तेवढ्यात कंडक्टर तिकिटाचं मशीन घेऊन आला. वाटलं, आता म्हणणार, मावशी आवाज कमी करा. तो म्हणाला, "घना-राधा ना?" आणि सीटच्या दांडीला रेलून उभाच राहिला. उपनगर गेलं, द्वारकेला गर्दी चढली-उतरली, हा तिकिटं काढून यायचा आणि परत त्याच दांडीला येऊन टेकायचा. बसायला जागा होती, पण बसला नाही.

त्याला तसं उभं बघून मला बाबा आठवले.

ही मालिका झी मराठीवर २०१२ च्या जानेवारीत सुरू झाली, सतीश राजवाडेंनी केली, आणि त्याच वर्षी पावसाळ्यात आटोपलीसुद्धा. हल्ली हजार-हजार भाग चालतात, नायिकेची मुलगी लग्नाची होते तरी मूळ गैरसमज मिटत नाही. त्या मानाने ही मालिका म्हणजे जेवून वेळेत निघालेला पाहुणा. मी तेव्हा धाकट्याच्या बाळंतपणाला माहेरी होते, त्यामुळे पहिले कित्येक महिने मी, आई, मांडीवर बाळ आणि डिंकाचा लाडू, असं आमचं प्रेक्षागृह रोज भरायचं.

बाबा बघायचे नाहीत. म्हणजे त्यांचं म्हणणं तसं होतं. मालिका सुरू झाली की ते आतून यायचे, खांद्यावर पंचा, आणि स्वयंपाकघराच्या दारात उभे राहायचे. "बाबा, बसा ना." "नको, जातोच आहे मी. पाच मिनिटं." बसलं की माणूस प्रेक्षक होतो, उभं असलं की फक्त जाता-जाता थांबलेला, असा त्यांचा हिशोब असावा. जाहिराती लागल्या की खरंच आत जायचे, नळ सोडायचे, बंद करायचे, आणि जाहिराती संपायच्या बेताला परत दारात. सहा महिने माणूस जातोच आहे.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारलं होतं, "दुसरी गोष्ट, तर पहिली कुठाय?" आई म्हणाली, "अहो, पहिली प्रशांत दामलेंची. नाटक नव्हतं का बघितलं आपण कालिदासला? सुख म्हणजे नक्की काय असतं, ते." बाबा म्हणाले, "हां, ते. त्यात बसायला जागा चांगली मिळाली होती." पुढच्या वर्षी 'तिसरी गोष्ट' आली, तेव्हा त्यांनी काही विचारलं नाही. मोजणी बरोबर चालली आहे म्हटल्यावर त्यांचा प्रश्न संपला. बाबा करन्सी नोट प्रेसमध्ये होते. आमच्या नाशिक रोडला प्रेस म्हटलं की वर्तमानपत्र कुणाच्या डोक्यात येत नाही, नोटा येतात, १९२८ पासून. तपासणीत आयुष्य गेलं त्यांचं. मोजलेलं जुळलं की विषय बंद.

गोष्ट काय, तर घनाला अमेरिकेला जायचंय, राधाला लग्नच करायचं नाही, आणि दोन्ही घरांतून लग्नाचा धोशा. मग दोघं मिळून ठरवतात, नावापुरतं लग्न करू, घरच्यांचं तोंड बंद होईल, नंतर आपापल्या वाटेनं जाऊ. पुढे काय होतं ते पहिल्या भागातच शेंबड्या पोरालाही कळतं. तरी बघायचं. कुहू झालेली स्पृहा जोशी तिच्या त्या कविता म्हणायची, ते तर मला मूळ गोष्टीपेक्षाही आवडायचं.

सगळ्यात रंगायचे ते अप्पाकाका. हे बाबांचे धाकटे भाऊ. जिल्हा कोर्टाबाहेर त्यांचं टायपिंगचं टेबल होतं. वकील नव्हेत, पण तीस वर्षं वकिलांचे मसुदे टाइप केलेले, त्यामुळे वकिलापेक्षा चार बोटं वर. बाळाला बघायला म्हणून यायचे आणि टीव्हीसमोर बसून खटला चालवायचे. "हा करार कोर्टात उभाच राहणार नाही. लग्नाआधीच वेगळं व्हायचं ठरवलं? बेकायदा. शंभराच्या स्टँपवर लिहून आणला तरी बेकायदा. आणि हिंदू विवाह कायदा, १९५५, कलम चौदा. लग्नाला वर्ष झाल्याशिवाय घटस्फोटाचा अर्जच घेत नाहीत. फारच मोठं काही असेल तर गोष्ट वेगळी." मग लाडू. मग पुढे: "परस्पर संमती म्हणशील तर तेरा-ब. शहात्तर सालची दुरुस्ती. आधी वर्षभर वेगळं राहून दाखवा, मग अर्ज, मग सहा महिने थांबा, विचार करा, मग परत या." (हे सहा महिने कोर्टाला वाटलं तर माफ करता येतात, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये सांगितलं. तो निकाल आला तेव्हा अप्पाकाकांनी मला मुद्दाम फोन केला होता. चौदा मिनिटं. बाकी माझ्या वाढदिवसालाही करत नाहीत.)

आई म्हणाली, "म्हणजे सोयीसाठी लग्न केलं तर मोडायला दीड-दोन वर्षं गैरसोय."

"दीड-दोन वर्षांत माणसाला एकमेकांची सवय होते, वहिनी. सरकारला तेच हवंय."

बाबा दारातून म्हणाले, "आवाज कमी करा, ऐकू येत नाहीये." आणि लगेच, "बाळ उठेल."

मला स्वतःला कायद्यापेक्षा वेगळीच शंका यायची. अशा सगळ्या मालिकांत एक ठरलेला प्रसंग असतो. नवरा-नवरी खोलीत येतात, दार लावतात आणि एक जण उशी उचलून जमिनीवर झोपतो. सकाळी कुणी दार वाजवलं की धावपळ, गादी पलंगाखाली. हे बघून मला प्रश्न पडायचा, की ही माणसं कुठल्या घरात राहतात? नेहरूनगरच्या आमच्या क्वार्टरमध्ये एक खोली आणि स्वयंपाकघर. माणसं सात: आजी, आजोबा, आई-बाबा, अप्पाकाका, शिकणारी आत्या, मी. रात्री चटया पसरल्या की उंबऱ्यापासून खिडकीपर्यंत एक सलग माणूस. पाणी प्यायला उठायचं तर कुणाच्या पायावर पाय, कुणाच्या वेणीवर. एकच लोखंडी पलंग, तो आजीचा, त्याखाली गव्हाची कोठी आणि कांदे. आमच्यात जमिनीवर झोपणं हे भांडणाचं लक्षण नव्हतं. पलंगावर झोपणं हे तापाचं लक्षण होतं. मला गोवर आला तेव्हा चार दिवस पलंग मिळाला होता. खाली कांद्यांचा वास, वर गोधडी, शेजारी स्टुलावर फुलपात्र झाकून ठेवलेलं पाणी. मी पाचव्या दिवशीही अंगाला हात लावून बघत होते, ताप आहे का थोडा.

तर अशा घरात खोटं लग्न लपवायचं कुठे? सोयीच्या लग्नासाठी आधी सोयीचं घर लागतं.

हे मी आईला बोलून दाखवलं, बहुतेक जाहिरातींत. ती बाळाच्या टोपीची नाडी ओवत होती. मान वर न करता म्हणाली, "आमचं काय वेगळं होतं?"

आणि मग दुपट्यांच्या घड्या घालत, डाळीच्या भावाबद्दल सांगावं तसं, तिनं सांगितलं. १९७९. आई सिन्नरची. नाशिक रोडला नगरपालिकेच्या शाळेत नोकरी लागलेली. रोज एसटीनं ये-जा. मोहदरी घाटात गाडी बंद पडली की शाळेत लेटमार्क, आणि घरी उशीर झाला की आजोबा स्टँडवर येऊन उभे. एकट्या मुलीनं खोली घेऊन राहायचं तर बातच नको. म्हणून स्थळं बघताना मामांनी एकच अट घातली: मुलगा नाशिक रोडचा हवा. इकडे बाबांना प्रेसचं क्वार्टर हवं होतं, आणि लग्न झालेल्याचा नंबर लवकर लागतो असं चाळीत सगळे म्हणत. "ह्यांना क्वार्टर हवं होतं, मला एसटीतून सुटका. बघायला आले तेव्हा ह्यांनी काय विचारलं माहितीये? शाळा किती वाजता सुटते."

"आणि तू काय विचारलंस?"

"प्रेसपासून शाळा किती लांब."

मी अवाक्. माझ्या डोक्यात आई-बाबांच्या लग्नाचं काहीतरी वेगळं चित्र होतं. कुठून आलं होतं कोण जाणे, अल्बममध्ये तर दोघं पासपोर्टला काढल्यासारखे बसलेत. पण खरं सांगायचं तर सोयरीक या शब्दातच कानाला 'सोय' ऐकू येते, आणि आपल्याकडे लग्न जमतं, उरकतं, पार पडतं. सगळी क्रियापदं कामाच्या यादीतली. कुणाचं जमता जमत नसलेलं लग्न झालं की गंगेत घोडं न्हालं म्हणायचं. आम्हा नाशिककरांना गोदावरी म्हणजे गंगाच, त्यामुळे लहानपणी मी रामकुंडावर जाऊन खरोखर घोडा शोधलेला आहे.

घना-राधानं जे लपूनछपून केलं, ते आईच्या मामांनी चहा-पोह्यांसमोर उघड केलं होतं. फरक एवढाच की यात मुदत घातलेली नव्हती.

अशा गोष्टींत प्रेम नेमकं कधी सुरू झालं ते ओळखायची माझी एक खासगी खूण आहे. पाऊस, ताप, विजेचा कडकडाट, जुना प्रियकर परत येणं, यावर माझा विश्वास नाही. मी शब्द ऐकते. 'तुमच्याकडे'चं 'आपल्याकडे' कधी झालं? "तुमच्याकडे एवढं तिखट खातात?" इथून "आपल्याकडे एवढं तिखट लागतं" इथपर्यंत नायिका पोचली की माझ्या दृष्टीनं लग्न लागलं, बाकीचे भाग त्यांनी हवे तसे भरावेत. मराठीत ही फार चांगली सोय आहे. 'आम्ही' म्हटलं की समोरचा बाहेर, 'आपण' म्हटलं की आत. लेखकाला कळो न कळो, पात्राच्या तोंडून ते निसटतंच.

हा सिद्धांत मी चांगला लावून धरला होता, पण घरातच तो आपटतो. आई चाळीसहून जास्त वर्षांनंतरही म्हणते, "आमच्याकडे सिन्नरला आमटीत गूळ घालत नाहीत." बाबा म्हणतात, "आमच्याकडे घालतात." गूळ घातला जातो, पण निम्मा. माझ्या खुणेनुसार यांचं अजून काहीच सुरू झालेलं नाही.

आणि परवा डबा द्यायला गेले तर बाबा जेवणाच्या टेबलावर आईच्या गोळ्या मोजत बसले होते. बीपीची पट्टी, थायरॉइडची बाटली, गुडघ्याच्या त्या मोठ्या पिवळ्या. अंगठा जिभेला लावायचा, पट्टी उचलायची, उजेडाकडे धरायची, मागून-पुढून बघायची, खाली ठेवायची. कोरी नोट तपासावी तशी. मग पंधरा तारखेपर्यंत किती पुरतील ते पट्टीच्या मागे पेनानं लिहायचं. आई आत पडली होती. म्हणाली, "एक जास्त झाली तर खाईन का मी?" बाबा म्हणाले, "कमी निघाली तर?" आणि पहिल्यापासून मोजायला लागले.

त्या बसमध्ये मी इतकी गुंतले, की शालिमार मागे गेलं ते कळलंच नाही. तिथं उतरून मिक्सरच्या भांड्याची पाती बदलून घ्यायची होती. मावशी सीबीएसला उतरल्या, मालिका त्यांच्याबरोबर उतरली, कंडक्टर दांडी सोडून सरळ झाला आणि मीही उतरले. उन्हात उभी राहिले आणि लक्षात आलं, त्यातल्या माई आजींचं काम कुणी केलं होतं, ते नाव काही केल्या आठवेना. चेहरा लख्ख दिसतोय, नाव नाही. असं झालं की मला पुढचं पाऊल टाकता येत नाही. आईला फोन लावला.

"अगं, दुसरी गोष्टमधल्या माई आजी कोण गं?"

"कोण बाई... चेहरा आहे डोळ्यांसमोर. थांब हं—"

मागून बाबांचा आवाज आला, अजिबात न अडखळता. "रेखा कामत. 'लाखाची गोष्ट'मध्ये होत्या ना, त्या आणि त्यांची बहीण चित्रा. बावन्न सालचा सिनेमा. त्याच त्या."

फोनवर क्षणभर कुणीच बोललं नाही.

"तुम्ही तर बघत नव्हता ना?" आईनं विचारलं, मला नव्हे.

"मी कुठे बघत होतो. जाता-येता कानावर पडायचं."

"चेहराही कानावरच पडला वाटतं," आई म्हणाली.

मिक्सरचं भांडं पिशवीत खडखडत होतं. ते घेऊन मी शालिमारच्या दिशेनं उलटी चालायला लागले.