गुळपोळीची भुई

आमच्या घरातली पाल फरशीवरून घसरली, आणि ती फरशी माझ्याच दुकानातली होती. ८०० बाय ८०० मिलिमीटरची ग्लॉसी व्हिट्रिफाइड टाइल, कटरवर मीच मापाने कापलेली. नाशिकच्या अंबड लिंक रोडवर सव्वीस वर्षं मी टाइल्स आणि दगड विकतोय. बाथरूमसाठी ग्लॉसी मागणाऱ्या गिऱ्हाइकाला 'नका घेऊ, म्हातारं माणूस पडेल' असं रोज सांगतो. घरच्या प्राण्याच्या वेळी मात्र ते सुचलं नाही.

पाल कशी घसरेल, असं ज्याला त्याला वाटतं. ट्यूबलाइटमागे राहणारी आपली पाल काचेवरसुद्धा चालते. गुळपोळी त्यातली नाही. ती आफ्रिकन फॅट-टेल गेको, मूळची पश्चिम आफ्रिकेची. तिच्या बोटांखाली चिकटणाऱ्या गाद्या नाहीत, नुसती नखं आहेत. भिंत चढणं तिच्या गावीच नाही. दिवसभर बिळात आणि रात्री जमिनीवर, असा तिचा संसार. डोळ्यांना पापण्या आहेत, त्यामुळे ती चक्क डोळे मिचकावते. शेपूट गाजरासारखं जाड, त्यात चरबीचा साठा. अंगावर तपकिरी पट्टे. लेकीने दोन वर्षांपूर्वी संक्रांतीच्या आठवड्यात पुण्याच्या ब्रीडरकडून आणली, म्हणून गुळपोळी. पावतीसकट आणली, हे मुद्दाम सांगतो. इथल्या रानातले संरक्षित प्राणी धरून पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, आणि 'सुला वाइनयार्डच्या रस्त्याला सापडली, ठेवू का?' असं विचारणारे मला भेटलेत.

जूनमध्ये लेक नोकरीसाठी बंगळुरूला गेली. काचेची पेटी, रातकिड्यांचा डबा आणि 'बाबा, तिला वेळेवर खायला घाल' एवढं मागे ठेवून गेली. पेटीत हिरवं कार्पेट होतं. आठवड्याभरात गुळपोळीचं एक नख त्याच्या फासात अडकलं. हिने टॉर्च धरला, मी शिलाईच्या कात्रीने धागा कापला. वर ते कार्पेट कितीही धुतलं तरी वास मारायचं. ते काढलं, आणि मग माझ्यातला फरशीवाला जागा झाला.

ग्लॉसीचं वर सांगितलंच. पुढचे पंधरा दिवस पेटीत स्वयंपाकघरातला पेपर रोल पसरला. दिसायला भिकार, पण नवीन आणलेल्या किंवा आजारी जनावरासाठी याहून चांगलं काही नाही. शी कशी आहे ते लगेच दिसतं, कागद उचलला की काम झालं. तेवढ्या दिवसांत मी दुकानातला तुकडा माल धुंडाळला. शहाबाद, कोटा, कडप्पा हे तिन्ही चुनखडीचे दगड. रफ शहाबादवर नख छान रुततं, पण तिची पापुद्र्यासारखी धार पोटाला लागेल अशी. मिरर पॉलिश कोटा म्हणजे पुन्हा घसरगुंडी. शेवटी लेदर फिनिशचा, म्हणजे चामड्यासारखा किंचित खडबडीत कडप्पा घेतला, कडा ग्राइंडरने मारून गोल केल्या. काळा दगड, त्यावर तपकिरी पट्ट्यांची पाल, बघायला झकास. लेकीलाही फोटो आवडला.

एक व्यावसायिक सूचना. या तिन्ही दगडांना ॲसिड, व्हिनेगर, लिंबू लावू नका. पेट्या व्हिनेगरने पुसतात ते काचेपुरतं ठीक, चुनखडीवर त्याने डाग पडतो. फरशी बसवायला सिमेंट किंवा सांधे भरायचं ग्राउटही वापरू नका. ओल्या सिमेंटने गवंड्याचे हात कसे फुटतात ते मी पाहिलंय, पालीची कातडी त्याहून कितीतरी पातळ.

तर कडप्पा बसला. तरी मनात पाल चुकचुकत होतीच. गुळपोळी रात्री बाहेर यायची आणि कोपऱ्यात जाऊन दगड उकरायची. रोज तोच कोपरा, तेच खरखर खरखर. माझी आई निफाडजवळच्या आमच्या गावाहून आली होती. पाल घरात ठेवली म्हणून दोन दिवस ती त्या खोलीत पाऊल टाकत नव्हती. तिसऱ्या दिवशी दारातूनच म्हणाली, "आरं, तिला भुई पाहिजे. फरशीत कुणी बीळ करतं का?"

आईने जन्मभर भुई केलीय. आमच्या जुन्या घराची जमीन तिने किती वेळा खणली, भिजवली आणि चोपणीने चोपली असेल! मोठा झाल्यावर तीच जमीन उकरून मी तिथे शहाबाद बसवली आणि वर तिच्याकडून कौतुकाची अपेक्षा केली.

मग माती शोधायला निघालो. चुलतभाऊ म्हणाला, द्राक्षबागेतली काळी माती नेतोस का पोतंभर, फुकट. नाही म्हटलं. आपल्याकडे ऑक्टोबर छाटणीनंतर डावणी रोगासाठी बोर्डो मारतात. बोर्डो म्हणजे मोरचूद आणि चुना. त्यातलं तांबं जमिनीत वर्षानुवर्षं साचतं. शिवाय बाकीची औषधं वेगळी. रातकिडा त्या मातीतून चालणार आणि पाल तो खाणार. फवारणी नसती तरी काळी माती चालली नसती. वाळली की तिला भेगा पडतात आणि भिजली की पायाला गोळे लागतात.

गंगापूर रोडच्या नर्सरीत नुसती लाल माती मागितली. माळीबुवांना 'नुसती' हा शब्द पटेना. शेणखत, निंबोळी पेंड, पांढरे मणी, सगळं तयार मिसळलेलं होतं. शेवटी मागच्या ढिगातून त्र्यंबककडची कोरी माती मिळाली. कोकोपीटची वीट घेतली, ती तीन पाण्यांत धुतली, कारण काही विटांत खार असतो. वाळू साइटवरची चालत नाही. हल्ली सगळीकडे क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, तिचे कण धारदार आणि धूळ अमाप. नदीची जुनी वाळू गोदामात होती, ती बारीक चाळणीने चाळून पाणी नितळ होईपर्यंत धुतली.

प्रमाण असं: ३ मग लाल माती, १ मग कोकोपीट, १ मग वाळू. फॅट-टेलला दमटपणा लागतो, म्हणून कोकोपीट. लेपर्ड गेको ही दुसरी पाळीव पाल कोरड्या, खडकाळ मुलखातली, तिच्यासाठी माती-वाळूच पुरते, साधारण सत्तर-तीस. आईने मिश्रण मुठीत दाबून पाहिलं. लाडू वळला पाहिजे आणि बोटाने टिचकी मारली की फुटला पाहिजे, ही तिची परीक्षा. मग म्हणाली, "शेण कुठंय?" शेण नाही घालायचं म्हटल्यावर रुसली. दमट बंद पेटीत शेणाने बुरशी आणि किडे होतील हे तिला पटवायला मला प्राण्यांच्या डॉक्टरांना फोन लावून द्यावा लागला.

डॉक्टरांनी तेव्हाच वाळूचं समजावलं. नुसती वाळू, त्यातही दुकानात मिळणारी रंगीत 'कॅल्शियम सँड', टाळा. चाटून चाटून पाल ती खाते, कारण तिला कॅल्शियम हवंच असतं, आणि ती आतड्यात घट्ट बसते. पण आतडं तुंबण्यात वाळूचा दोष निम्माच. उब कमी, पाणी कमी, कॅल्शियम कमी असलं की पोट मंदावतं आणि मग चिमूटभर मातीही अडते. म्हणून मी अळ्या काचेच्या बशीत देतो, रातकिडे चिमट्याने भरवतो आणि खाण्यावर कॅल्शियमची पावडर भुरभुरवतो. खाणं बंद, शी बंद, पोट फुगलेलं, असं दिसलं तर घरगुती उपाय न करता थेट डॉक्टर गाठायचा.

थर सात सेंटिमीटरचा. माझी पेटी ६० बाय ४५ सेंटिमीटर, म्हणजे १९ लिटर माती, ओली असताना पंचवीसेक किलो. सागवानी टीपॉयचा भरवसा न धरता दुकानातला टाइल डिस्प्लेचा लोखंडी स्टँड आणला. आधी कडप्प्याचा तुकडा सरळ तळाच्या काचेवर, दोन लहान दगडांच्या टेकूवर पक्का बसवला आणि मग भोवती माती भरली. हे उलटं केलं तर पाल दगडाखाली बीळ करते आणि दगड तिच्यावर बसतो. आईने थापीने माती चोपली, पाणी शिंपडलं, पुन्हा चोपली. चार दिवस वाळायला ठेवली.

मातीने एक घोळ केला. पूर्वी पेटीखाली गरम होणारी मॅट होती. टाइलमधून उब वर यायची. सात सेंटिमीटर मातीतून ती येईना, तळाची काच मात्र तापली. निफाडला बहुतेक हिवाळ्यांत पारा पाच-सहावर येतो आणि नाशिकही फार मागे नसतं, त्यामुळे हे टाळून चालणार नव्हतं. मॅट काढली, वर जाळीच्या झाकणावर सिरॅमिक हीटर लावला, थर्मोस्टॅटसकट. तापमान मोजायला कोरोनातली कपाळावर धरायची बंदूक काढली तर ती नुसतं 'लो' दाखवते. ती माणसाच्या अंगापुरतीच असते. मग इलेक्ट्रिशियनची आणली. हीटरखाली दगडावर ३२, दुसऱ्या टोकाला २५. जमलं.

पहिल्या रात्री गुळपोळीने कडप्प्याच्या कडेने खणायला घेतलं. सकाळी सहाला पाहिलं तर भोक तयार, बाहेर मातीचा ढीग आणि भोकातून तिचं नाक. आई चहाचा कप घेऊन पेटीसमोर बसली होती, त्याच खोलीत.

अजून सगळं सुटलेलं नाही. श्रावणात हवा दमट झाली तेव्हा कोकोपीटवर पांढरी बुरशी आली. तेवढा भाग काढून टाकला आणि कुंडीखाली सापडणारे, हात लावला की गोळी होणारे राखाडी किडे सोडले. ते बुरशी खातात म्हणे. बघतोय. शी ती एकाच कोपऱ्यात करते, तिथली माती जुन्या चमच्याने दिसेल तेव्हा काढतो.

परवा व्हिडिओ कॉलवर लेक म्हणाली, "बाबा, कुठेय ती? नुसती मातीच दिसतेय."

आई मागून म्हणाली, "घरात हाय. दिवेलागणीला फोन कर."