झेंडा उतरवायला कोण थांबतं?

१५ ऑगस्ट, रात्री साडेदहा

आज सोसायटीचा झेंडा मी बांधला होता. सकाळी दोरी ओढली, गाठ सुटली, पाकळ्या खाली आल्या आणि केशरी वर. तोवर माझं राष्ट्रगीताकडेही लक्ष नव्हतं, नुसती त्या गाठीकडे बघत होते.

हे काम मी मागून घेतलं, कारण गेल्या वर्षीचं डोक्यातून जातच नव्हतं. २०२२ मध्ये नियम बदलला, उघड्यावर किंवा आपल्या घरावर झेंडा रात्रीही ठेवता येतो, आणि आमच्याकडे तेवढंच ऐकून तो तसाच ठेवून दिला, पोळा झाला, तान्हा पोळा झाला, गणपती बसले तरी झेंडा तिथंच, पावसानं पाईपला चिकटलेला, हिरव्या पट्टीची कड उसवलेली. रोज गाडी काढताना दिसायचा, खूप वाईट वाटायचं, आणि मीही काही केलं नाही हे खरंच. रात्री ठेवायची परवानगी आहे, पण फाटलेला, मळलेला लावायची नाही. शेवटी खालच्या मजल्यावरच्या गुरुजींनी तो उतरवला आणि नियमात सांगितलंय तसा खाजगीत, मानानं जाळला.

म्हणून यंदा रविवारी त्यांच्याकडेच शिकायला गेले. झेंडा खादीचा, तीन बाय दोन फुटांचा (प्रमाण ३:२ च लागतं, बाजारात चौकोनी दिसणारे पण विकतात ते घेऊ नये). गुरुजी म्हणाले, "आधी टॉगल कुठं आहे ते पाय बेटा, नाहीतर उलटा बांधशीन." टॉगल म्हणजे दोरीला अडकवायचा तो छोटा लाकडी दांडा, तो केशरी पट्टीच्या टोकाला असतो, खालच्या टोकाला नुसती दोरी. एवढं बघितलं की झेंडा उलटा जाऊच शकत नाही. मग गुंडाळी करून सरकगाठ, फार घट्ट केली तर वर गेल्यावर सुटत नाही, सैल राहिली तर अर्ध्यातच उघडतो. मी अकरा वेळा बांधली.

बांधता बांधता त्यांनी १९२३ चा झेंडा सत्याग्रह सांगितला. इथंच, नागपुरात. सिव्हिल लाईन्समधून झेंडा घेऊन जायला इंग्रजांची बंदी होती, लोक तुकड्या करून निघायचे आणि अटक व्हायचे, जमनालाल बजाज जेलमध्ये गेले, नंतर वल्लभभाई पटेल आले. तेव्हा झेंड्यावर चरखा होता, आजचा अशोकचक्राचा २२ जुलै १९४७ ला स्वीकारला. मी रोज स्कूटीवर सिव्हिल लाईन्समधूनच ऑफिसला जाते. झेंडा नुसता हातात धरून चालायचं म्हणून लोक जेलमध्ये गेले, तो रस्ता हाच, हे माहीत असूनही कधी असं जाणवलं नव्हतं.

सकाळी साठ-सत्तर माणसं होती. सेल्फी, जिलेबी, पोहे, सगळं छान झालं. संध्याकाळी सूर्यास्ताच्या आधी मी, गुरुजी आणि तिसऱ्या मजल्यावरचा आठवीतला मुलगा, एवढेच तिघं. वर चढवताना झपझप, उतरवताना सावकाश असा नियम आहे, तर मी अगदी हळू दोरी सोडत होते आणि त्या पोरानं दोन्ही हात पसरून तो झेलला, एक टोकही फरशीला लागू दिलं नाही. मला ते सकाळपेक्षा जास्त आवडलं.

दुपारी सर येऊन गेली होती, झेंडा ओला. घडी कशी घालायची ते शिकले होते, केशरी-हिरवी पट्टी पांढरीच्या खाली, मग पांढरी दोन्हीकडून आत, वर चक्र दिसलं पाहिजे. पण ओला कपाटात ठेवला तर बुरशी धरेल. म्हणून जेवणाच्या टेबलावर धुतलेली चादर टाकून त्यावर पसरलाय, वर पंखा फुल्ल. आम्ही आज हॉलमध्ये खाली बसून जेवलो.

आत्ताच गुरुजींचा फोन येऊन गेला. "वाळला का?"

केशरी वाळलीये. दोरीकडची कड अजून दमट आहे.