लांब नळीची सॅक : तिसरा नमुना शिवून झाला

दुर्बीण पाठीवर घेऊन गड चढण्यासाठी घरच्या मशीनवर शिवलेली ही सॅक. आधी काय न्यायचं आहे ते. ११४/९०० ची न्यूटोनियन, म्हणजे आरशाची दुर्बीण (आरसा ११४ मिमीचा, नाभीय अंतर ९०० मिमी) : नळी ८८ सेंमी लांब, बाहेरून साडेचौदा सेंमी जाड, कड्यांसकट ३.८ किलो. ॲल्युमिनियमचा ट्रायपॉड मिटून ७२ सेंमी, २.१ किलो. माउंटचं डोकं, म्हणजे ट्रायपॉडवर बसून दुर्बीण धरणारा आणि फिरवणारा भाग, १.३ किलो. वर पाणी, जेवण, स्वेटर, आयपीसची (डोळा लावायच्या भिंगांची) डबी. माउंटचं लोखंडी प्रतिवजन घरी राहतं. त्याच्या दांड्याला दीड लिटरची भरलेली बाटली दोरीने गच्च आवळली की काम भागतं. मात्र बाटली सैल राहिली तर वाऱ्यात लोंबकळते आणि ९० पट मोठेपणावर गुरू आयपीसमध्ये नाचत राहतो.

एवढं वजन कुठल्याही ६० लिटरच्या सॅकमध्ये जातं. ट्रेकर याहून जास्त ओझं घेऊन चढतात. अडचण वजनाची नाही, टोकांची आहे. लांब वस्तूचं वरचं टोक कारवीत अडकतं आणि मान वर केली की डोक्याला लागतं. खालचं टोक उतरताना मागच्या पायरीवर आपटतं. तिन्ही नमुन्यांतले सगळे बदल या दोन टोकांना कुठे जागा द्यायची यातूनच आले.

आकडेमोड अशी. माणूस १६८ सेंमी उंच. मान खाली घातल्यावर मानेच्या तळाशी वर येणाऱ्या मणक्यापासून कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेपर्यंत पाठ ४५ सेंमी. सॅक याच मापावर बेततात, उंचीवर नाही. कमरेचं हाड जमिनीपासून साधारण १०० सेंमीवर. नळीचा तळ त्याच्या १२ सेंमी खाली ठेवला तर वरचं टोक १७६ वर, म्हणजे डोक्याच्या ८ सेंमी वर जातं. तळ २० सेंमी खाली नेला तर वरचं टोक डोक्याबरोबर येतं, पण बसकण मारून उतरायच्या प्रत्येक कातळटप्प्यावर आरशाकडची बाजू दगडाला टेकते. वरचं टोक फांदीत अडकलं तर चाल थांबते, खालचं आपटलं तर आरसा हलतो. म्हणून १२ वर थांबलो.

पहिला नमुना : म्यान मधोमध

कल्पना शिकारी बंदुकीच्या सॅकवरून उचलली होती. एबरलस्टॉक या कंपनीच्या काही सॅकमध्ये बंदुकीची म्यान पाठीच्या मध्यरेषेवर असते, सामान तिच्या दोन्ही बाजूंना आणि मागे. बायथलॉनचे (स्कीइंग आणि नेमबाजी मिळून होणाऱ्या शर्यतीचे) खेळाडूही किमान साडेतीन किलोची रायफल दोन पट्ट्यांवर, नळी वर करून, पाठीच्या मधोमधच नेतात आणि तशाच स्कीवर धावतात. मध्यरेषेवर वजन आलं की कुठल्याच खांद्यावर जास्त भार येत नाही, हे बरोबरच आहे.

पण बंदूक चपटी असते आणि तिची नळी बोटभर जाडीची. साडेचौदा सेंमीची दुर्बीण पाठीला टेकवली की बाकी सगळं सामान पाठीपासून पंधरा सेंमी मागे ढकललं जातं. तीन किलो पाणी १५ सेंमी मागे गेलं की माणसाला मागे खेचतं आणि तो खांद्यांतून पुढे वाकून चालतो. शिवाय नळी बरोबर डोक्यामागे आली. शिडीवर किंवा कातळटप्प्यावर वर पाहायला मान मागे केली की टोपी नळीवर आपटायची. जिथे वर पाहणं सगळ्यात गरजेचं तिथेच ते जमेना. नळीचं वरचं टोक मागे झुकवून पाहिलं, तर भार आणखी मागे गेला. म्यान उसवली.

दुसरा नमुना : दोन खांब

नळी डावीकडे, ट्रायपॉड उजवीकडे, मधल्या पोकळीत पाणी आणि जड सामान थेट पाठीला लागून. ट्रायपॉड आखूड असल्यामुळे तो मानेच्या थोडा वर संपतो, म्हणजे डोक्यामागे नळी एकटीच उरते. तिचा मध्य मध्यरेषेपासून १३ सेंमी डावीकडे नेला, तेव्हा तिची आतली कड मध्यरेषेपासून पावणेसहा सेंमीवर आली. डोकं मागून गोल असतं, त्यामुळे एवढं अंतर पुरतं. मान मागे केली की नळी डाव्या कानामागे राहते.

तोल तराजूच्या हिशेबाने काढला. डावीकडे ३.८ गुणिले १३ म्हणजे ४९.४. उजवीकडे ट्रायपॉड २.१ किलोचाच, म्हणून त्याच्या खिशात एक लिटर पाणी घातलं आणि मध्य १५ सेंमीवर ठेवला : बाटलीसकट ३.२ गुणिले १५, म्हणजे ४८. कागदावर छान जमलं. पण पाणी पिण्यासाठी असतं! बाटली रिकामी झाली की उजवी बाजू तीसच्या घरात येते, सॅक डावीकडे कलते आणि डाव्या खांद्याची पट्टी रुतायला लागते. तोलासाठी लावलेली वस्तू वाटेत कमी होणारी नसावी. आता त्या खिशात माउंटचं डोकं जातं : ३.४ गुणिले १४.५, म्हणजे ४९.३. पाणी सगळं मधल्या पोकळीत. ते संपलं तरी तोल ढळत नाही. सॅकची एकूण रुंदी फोम धरून ४३ सेंमी, म्हणजे खांद्यांच्या रुंदीइतकीच. त्यामुळे एसटीच्या दारातून तिरकं व्हावं लागत नाही.

दुसऱ्या नमुन्यात दोन गोष्टी तुटल्या. पहिली पाठीचा पत्रा. पाठीसाठी तीन मिमीची सनपॅक शीट वापरली होती, तीच, जाहिरातींच्या पाट्यांना असते ती. तिच्यातल्या पन्हळी आडव्या ठेवल्या ही चूक. आडव्या पन्हळींवर उभा भार आला की शीट पन्हळीच्या रेषेवर घडी घालून बसते. पन्हळी उभ्या ठेवल्या तर उभा भार पेलते आणि कमरेभोवती हवी तशी वळतेही. तरी सगळं मिळून होणाऱ्या १४ किलोला सनपॅक अपुरीच. तिसऱ्या नमुन्यात दीड मिमीची एचडीपीई (टणक प्लास्टिकची) शीट, २८ बाय ५८ सेंमी, सुमारे २३० ग्रॅम. तिच्यावर ॲल्युमिनियमच्या दोन पट्ट्या, २० बाय ३ मिमी, ६० सेंमी लांब, दोन्ही मिळून १९५ ग्रॅम. पट्ट्या गुडघ्यावर हळूहळू वाकवून पाठीच्या वळणाला बसवल्या. एका जागी जोर देऊन वाकवलं की तिथे कोन पडतो आणि पुढे पट्टी तिथेच दुमडते. टोकं कानशीने गोल करून सायकलच्या ट्यूबचे तुकडे ओढले, नाहीतर ती आठवड्याभरात कापड भोसकतात.

दुसरी मोडतोड खांद्याच्या पट्टीची. टीप टिकली, कापड फाटलं. सुईची भोकं एका सरळ रेषेत पडली की कापडाला टपाल तिकिटासारखी फाडायची रेघ मिळते. शिवाय एकेरी कापडाला कितीही वेळा टीप मारली तरी भोकंच वाढतात, ताकद नाही. उपाय : मागे १००० डेनिअरच्या (डेनिअर म्हणजे धाग्याच्या जाडीचं माप) कापडाचा १० बाय १२ सेंमीचा तुकडा, पट्टीचं टोक कडेच्या शिवणीत अडकवलेलं, आणि वर चौकट व फुलीची शिलाई.

तिसरा नमुना : कापड, दोरा, पट्टी

तळाला आणि नळीच्या बाहेरच्या बाजूला १००० डेनिअर नायलॉन, बाकी ५०० डेनिअर, आतून पाणी अडवणारा पीयूचा (पॉलियुरेथेनचा) थर. असं सामान पुण्यात रविवार पेठेतल्या बोहरी आळीत फिरलं की मिळतं. कापड घेताना थर आहे का ते पाहायची सोपी रीत : उलट्या बाजूवर थेंबभर पाणी टाकून अंगठ्याने चोळायचं, पाणी मुरलं नाही तर थर आहे.

दोरा बाँडेड नायलॉन, २१० डेनिअर तीन पदरी. सुई १८ नंबर. टीप इंचाला आठ. याहून बारीक टीप जाड कापडाला कमजोर करते. घरच्या मशीनवर चार पदरांपर्यंत मोटर चालते, पुढे चाक हाताने फिरवायचं. खांद्याच्या पट्टीच्या मुळाशी फोम, कापड आणि पट्टी मिळून सात पदर होतात. तिथे फोम शिवणीच्या जागेपासून दीड सेंमी आधी कापून टाकावा, नाहीतर सुई तुटते किंवा वाकून खालची शटल खरवडते. जिद्दीला पेटण्यात अर्थ नाही : एवढे चार सांधे मोच्याकडून शिवून घेतले तर शंभर-दोनशे रुपयांत काम होतं आणि टीपही सरस पडते.

पट्टी २५ मिमी, पॉलिएस्टर. स्वस्त पीपीची (पॉलिप्रॉपिलीनची) पट्टी गुळगुळीत असते, बकलातून हळूहळू सरकते आणि उन्हाने तिचे धागे सुटतात. नायलॉनची मजबूत, पण भिजली की ताणते, आणि नळी आवळून धरणाऱ्या पट्टीने ताणून चालत नाही. नळीला तीन आवळपट्ट्या : तळापासून १५, ४५ आणि ७० सेंमीवर. वरची पट्टी फोकसरच्या (आयपीस बसतो त्या पुढेमागे होणाऱ्या भागाच्या) जागी येणार नाही हे नळी आत ठेवूनच खूण करून ठरवावं. सुटी टोकं लायटरने भाजायची आणि इलास्टिकच्या वेढ्यात खोचायची. लोंबणारी प्रत्येक पट्टी कारवीचा गळ असते.

आरसा खाली, उघडं तोंड झाकण लावून वर. आरशाकडची बाजू जड, ती खाली ठेवली तर कातळावर तोल सावरायला सोपं जातं. उलट ठेवायचं कारण एकच होतं, आरशाला खालून धक्का बसू नये, पण तो प्रश्न झोळीने सुटला. नळी सॅकच्या तळावर टेकतच नाही. तळाच्या ३ सेंमी वर दोन पट्ट्यांची फुली ताणून शिवली आहे, तिच्यावर २० मिमी ईव्हीए फोमची चकती, तिच्यावर नळी. सॅक जमिनीवर धपकन ठेवली तरी धक्का त्या तीन सेंमीत जिरतो. फुलीच्या पट्ट्या कडेच्या शिवणीत घालाव्यात. फक्त बाजूच्या कापडावर शिवल्या तर खाली ओघळतात आणि झोळीचा उपयोग संपतो.

फाइंडर (नेम धरायची छोटी दुर्बीण) काढून स्वेटरमध्ये. फोकसर पूर्ण आत, आयपीस काढलेला, तोंडाला टोपण, आणि त्याची दिशा बाहेर व मागे. तो आत वळला तर मधल्या पोकळीतली बाटली त्याच्यावर दाब देते आणि दातेरी पट्टी अडते. एवढं करूनही वर पोचल्यावर आरशांची जुळणी पाहावीच लागते : तेजस्वी तारा मधोमध आणून फोकस थोडा बिघडवायचा, कडी एककेंद्री दिसली पाहिजेत. एफ ७.९ ची (नाभीय अंतर भागिले आरशाचा व्यास) नळी याबाबत बरीच सोशिक आहे. एफ ५ ची नेणाऱ्यांनी जुळणीसाठी पंधरा मिनिटं वेगळी धरावीत.

वरचं टोक निमुळतं, उताराचं, एकही लूप नसलेलं. हातात धरायची कडी नळीवरच्या चेनच्या कापडी टोपीवर न लावता ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांच्या डोक्यांना जोडलेल्या आडव्या पट्टीवर आहे. राजगडाच्या चोरदरवाजासारख्या अरुंद जागी सॅक उतरवून पुढच्याच्या हातात द्यावी लागते, आणि देणारा-घेणारा दोघंही जे वर दिसेल ते धरतात. टोपीला कडी असती तर सगळं ओझं चेनवर आलं असतं.

कोंडिवडे ते उधेवाडी ही राजमाचीची चढण चाचणीला योग्य : खाली रान, मध्ये दाट झाडी, वर कातळ. चढताना वरचं टोक तीन वेळा अडकलं. तिन्ही वेळा सरळ चालताना नव्हे, वाकून फांदीखालून जाताना : कमरेतून वाकलं की नळीचं टोक डोक्याच्या पुढे आणि वर येतं. गुडघ्यातून खाली बसून गेलं की अडकत नाही. उतरताना तळ दोनदा टेकला, झोळीने काम केलं, जुळणी हलली नाही. कंबरपट्टा मात्र डावीकडे दोन सेंमी खाली सरकत होता. तोल जमलेला असूनही, कारण नळी कडक आहे आणि चालताना तिचा खालचा भाग पट्ट्याच्या डाव्या पाकळीला ढकलतो. पाकळी सध्या सॅकला थेट शिवलेली आहे. चौथ्या नमुन्यात ती एचडीपीईच्या मागून एकाच जागी, कमरेच्या खळग्यात, बोल्टने धरायची आणि दोन्ही बाजूंना मोकळी सोडायची आहे. बोल्ट ८ मिमी, मोठे वॉशर दोन्हीकडे. कापडाचं भोक तापवलेल्या खिळ्याने पाडायचं, कात्रीने नाही.