जुन्या स्किड स्टिअरला ऑगर लावताना

आज बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत दिवसभर हेच काम चाललं: स्किड स्टिअरला, म्हणजे छोट्या लोडरला, ऑगर, म्हणजे जमिनीत खड्डे पाडणारा ड्रिल, जोडायचा. जुन्या लोडरला ऑक्झिलरी लाइनच (जोडलेल्या अवजाराला तेल देणारी) नाही आणि कंपनीचा किट परवडत नाही. मग एका स्पूलचा (तेलाची दिशा बदलणारा सरकता दांडा) मोनोब्लॉक व्हॉल्व, अर्ध्या इंचाचे दोन-वायरचे होज पाइप आणि पाइप पटकन जोडा-काढायला फ्लॅट-फेस कपलरची एक जोडी, एवढ्यात भागतं.

घोळ ठरलेल्या जागी होतो. पंपाची लाइन नव्या व्हॉल्वच्या ‘पी’त (तेल आत येण्याचं पोर्ट) आणि त्याच्या ‘टी’तून थेट मूळ व्हॉल्वला, असं बिनधास्त जोडतात. भरलेली बकेट उचलली की सगळं प्रेशर त्या ‘टी’वर उलटं चढतं. ते पोर्ट टाकीकडे परतणाऱ्या तेलासाठी असतं, इतका दाब त्याला सोसत नाही. स्पूलचं सील बाहेर, तेल अंगावर! दोन पैसे जास्त गेले तरी पॉवर-बियॉन्ड स्लीव्ह (पुढच्या व्हॉल्वला पूर्ण दाबाचं तेल देणारा जोड) घ्याच. तिच्यातून मूळ व्हॉल्वला, ‘टी’ वेगळी फिल्टरमार्गे टाकीत. रिलीफ (जास्तीचा दाब सोडणारा व्हॉल्व) प्रेशर गेज लावूनच सेट करा, मशीनच्या मूळ आकड्याच्या वर नको.

ऑगरच्या मोटरला केस ड्रेन (आत झिरपलेलं तेल बाहेर काढणारं तोंड) असेल तर तिसरी बारीक लाइन सरळ टाकीत. नाहीतर शाफ्टचं सील जातं.

आणि पाइप कापण्याआधी आर्म पूर्ण वर-खाली करून माप घ्या. आजचा आर्मच्या पिव्होटपाशी (सांध्यापाशी) चार बोटं कमीच पडला.