आमची वाटचाल : डबीवरच्या दोन वेळा

रत्नागिरीत लॅब सुरू केली तेव्हा लघवीची तपासणी म्हणजे रुटीन आणि कल्चर. पुढे बालरोगतज्ज्ञांच्या चिठ्ठ्यांवर एनटीएक्स, डीऑक्सिपायरिडिनोलिन अशी नावं दिसू लागली. हाडातलं कोलॅजन हे प्रथिन मोडताना त्याचे हे तुकडे लघवीतून बाहेर पडतात. मुलांच्या बाबतीत 'झीज' हा शब्द आम्ही टाळतो. वाढतं हाड सतत मोडून नव्याने रचलं जातं, म्हणून निरोगी मुलाचा आकडा मोठ्या माणसाच्या कितीतरी पट असतो. तान्हेपणी फार जास्त, मग उतरता, वयात येताना पुन्हा चढता (मुलींचा मुलांच्या आधी), आणि उंची थांबत आली की खाली.

तपासणी मुंबईला होते, पण नमुना बिघडतो तो इथेच. सकाळची पहिली लघवी सोडून दुसरी लागते. हे मार्कर (म्हणजे हेच तुकडे) पहाटे चढलेले असतात, दुपारी उतरतात. गुहागर-दापोलीहून पहिल्या एसटीने निघालेलं मूल स्टँडवरच जाऊन येतं आणि आमच्याकडे पोचतो तो अकराचा नमुना! म्हणून आता डबी आदल्या दिवशीच घरी जाते. तिच्यावर दोन वेळा लिहायच्या : पहिल्या लघवीची आणि नमुन्याची. डबीत प्रिझर्व्हेटिव्ह नाही, 10 मिली पुरे, बाहेरून फॉइल. सुटं पायरिडिनोलिन (अशाच तुकड्यांपैकी एक) उन्हाने नासतं.

हायड्रॉक्सिप्रोलिन (कोलॅजनमधलंच एक अमिनो आम्ल) मागितलं असेल तर आदल्या दिवशी मासे, मटण, जेली बंद. खाण्यातलं कोलॅजनही त्यात मोजलं जातं. आपल्याकडे हे पथ्य कठीण, पण एनटीएक्सला ते लागत नाही.

सगळ्यात घातक चूक हिशेबाची. लघवी पातळ की दाट याने आकडा बदलू नये, म्हणून एनटीएक्सला क्रिएटिनिनने (स्नायूंतून लघवीत येणारा पदार्थ) भागतात. समजा एनटीएक्स 2210 नॅनोमोल प्रति लिटर, क्रिएटिनिन 50 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. 50 ला 0.0884 ने गुणलं की 4.42 मिलिमोल प्रति लिटर, आणि 2210 ला 4.42 ने भागलं की 500. गुणायचं राहिलं तर 44 येतो, आणि मोठ्यांच्या तक्त्यात तो अगदी नॉर्मल दिसतो. चूक कुणाच्या लक्षातही येत नाही. शिवाय क्रिएटिनिन स्नायूंवर ठरतं, म्हणजे हडकुळ्या मुलाचं गुणोत्तर हाडात काही नसतानाही वर जातं. फॉर्मवर वजन, उंची घेतो ती यासाठी.

नमुना त्याच दिवशी उणे 20 ला जातो, 2 मिलीच्या दोन नळ्यांत. पावसात लाईट गेली आणि एक नळी वितळली, तरी दुसरी इन्व्हर्टरवरच्या फ्रीझरमध्ये असते. आणि गेल्या काही महिन्यांत प्लॅस्टर होतं का, हे नोंदणीच्या वेळीच विचारतो. जुळणारं हाडही आकडा चढवतं.