रक्त नॉर्मल आलं म्हणून फाईल बंद? माझा अनुभव

मर्क्युरिक क्लोराईड या पाऱ्याच्या क्षाराची पूड तोलून भरण्याचं माझं काम. तोंडात सतत धातूची चव, दात घासताना हिरड्यांतून रक्त आणि सही करताना हाताला कंप, हे सुरू झाल्यावर कारखान्याच्या दवाखान्यात गेलो. अर्ज, नोंद, साहेबांची सही पटापट झालं. गाडी अडली तपासणीच्या चिठ्ठीवर.

चिठ्ठीवर लिहिलं होतं फक्त रक्त. रिपोर्ट नॉर्मल आला आणि फाईल बंद! पण रक्तातला पारा मुख्यतः अलीकडचा संपर्क दाखवतो, आणि मी तर रजेवरून नुकताच परतलो होतो. शिवाय मासे खाल्ल्याने येणारा पाराही त्यात मोजला जातो. असेंद्रिय पारा, म्हणजे अशा क्षारांतला पारा, साठतो किडनीत, म्हणून बरेच महिने हाताळणाऱ्याची लघवी तपासायची असते, तीही क्रिएटिनिन, म्हणजे लघवीतून बाहेर पडणारा शरीरातला एक टाकाऊ पदार्थ, त्याच्यासकट. नाहीतर पाणी कमीजास्त प्यायल्याने आकडा फिरतो. लॅबवाले म्हणाले, चिठ्ठी आणा. दवाखाना म्हणाला, रक्त नॉर्मल आहे ना, मग गरज काय? पुन्हा लॅब, पुन्हा दवाखाना. ज्याच्या हाताला कंप सुटलाय त्याला हे ऐकवायचं? अजून संताप होतो. शेवटी 'काम: पाऱ्याचे क्षार, लक्षणे: अमुक' असा लेखी अर्ज देऊन पोच घेतली, तेव्हा कुठे चिठ्ठी मिळाली. तोंडी बोलत बसू नका.

लघवीचा नमुना कामाची पाळी सुरू होण्याआधी, हात धुऊन, घरच्या कपड्यांत द्या. कामाच्या कपड्यांवरची पूड बाटलीत पडली तर आकडा खोटा येतो. बाटली लॅबचीच घ्या.

कामगारांच्या आरोग्यासाठी मर्यादा सुचवणाऱ्या अमेरिकेतल्या एसीजीआयएच या संस्थेची लघवीतल्या पाऱ्याची मर्यादा आहे क्रिएटिनिनच्या एका ग्रॅममागे 20 मायक्रोग्रॅम. माझा आकडा त्याच्या बराच वर निघाला. त्याच आठवड्यात मला त्या विभागातून हलवलं. खरं सांगतो, हायसं वाटलं, आणि हटून बसल्याचा अभिमानही.

आणखी एक, पारा बाहेर काढणारं औषध नमुन्याआधी घेऊ नका, त्याने आकडा फुगतो. लघवीतलं प्रोटीनही त्याच चिठ्ठीवर लिहून घ्या, किडनीचं नुकसान तिथे आधी दिसतं. आणि सांडलेली पूड कोरड्या झाडूने कुणाला झाडू देऊ नका, ती हवेत उडते. हा क्षार कातडीतूनही शिरतो, म्हणून हातमोजे फाटले की लगेच बदला.

संपर्क थांबल्यावर आकडा निम्मा व्हायला साधारण दोन महिने लागतात. म्हणून पुढच्या तपासणीची चिठ्ठी मी आधीच लिहून घेतली आहे, लघवीचीच.